आजोबा, बाप आणि लेक: बॅकअपच्या वेळापत्रकाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. ऑफिसात एक फाइल सर्व्हर असतो, सगळ्यांच्या फायली त्यावर असतात, आणि रात्री कधीतरी त्याचा बॅकअप होतो असं सगळे धरून चालतात. तो कुठे होतो, किती दिवसांचा राहतो, परत आणायचा झाला तर कोण आणणार, हे सहसा कोणी विचारत नाही. आज आपण पाहू की हे वेळापत्रक ठरवायची पद्धत कशी घडत गेली, आणि त्यातली कोणती एक ओळ पुन्हा पुन्हा लिहायची राहून गेली.

सुरुवात कागदापासून करू. अमेरिकेत सेंट लुईस शहराजवळ सैनिकांच्या सेवानोंदींचं राष्ट्रीय केंद्र होतं. १२ जुलै १९७३ रोजी त्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली. ती पुरती विझायला चार दिवसांहून जास्त लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या नोंदींपैकी अंदाजे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, आणि नेमकं काय गेलं हे सांगणारी सूचीही नव्हती.

आता विचार करा. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात लढलेला एखादा म्हातारा पेन्शन मागायला किंवा सरकारी इस्पितळात उपचार मागायला जातो. त्याला विचारतात, तुम्ही सैन्यात होता याचा पुरावा काय? पुरावा सरकारकडेच होता. मग पगाराच्या पावत्या, इतर खात्यांकडचे अर्ज, राज्यांकडच्या नोंदी असं शोधून फायली पुन्हा जुळवायचं काम सुरू झालं, आणि ते कित्येक वर्षं चाललं. फाइल गेली म्हणजे कागद गेला एवढाच अर्थ नसतो. कोणाचा तरी हक्क सिद्ध करायचं साधन जातं. पुढे मी टेप, डिस्क, टेराबाइट असं बोलणार आहे, तेव्हा हा म्हातारा डोळ्यांसमोर असू द्या.

गंमत अशी, की त्याच काळात संगणकाच्या खोल्यांमध्ये जुन्या प्रती जपायची चांगली शिस्त होती. ती मुद्दाम आखलेली नव्हती, कामाच्या पद्धतीतून आली होती. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे युनिव्हॅक गेला, १९५२ मध्ये आयबीएमने टेपचं यंत्र आणलं, आणि हळूहळू पगार, विमा, बँकेची खाती टेपवर आली. टेपवर मधेच खोडून दुरुस्ती करणं सोयीचं नसतं. म्हणून काय करायचे? कालची मुख्य टेप एका यंत्रावर, आजचे बदल दुसऱ्यावर, आणि दोन्ही वाचून तिसऱ्या कोऱ्या टेपवर नवी मुख्य टेप लिहायची. कालची टेप जशीच्या तशी राहायची. आज काही बिघडलं तर कालची टेप आणि आजचे बदल घ्या, काम पुन्हा चालवा.

नवी टेप म्हणजे लेक, कालची बाप, परवाची आजोबा. तीन पिढ्या सांभाळायच्या, आणि चौथी जन्मली की सगळ्यात जुनी टेप पुसून वापरायला घ्यायची. रिळाच्या मागे प्लास्टिकची एक कडी असायची. ती काढली की त्या रिळावर लिहिताच येत नसे. म्हणजे बापावर चुकून लेक लिहिला जाणार नाही याचीही सोय होती. पुढे हीच नावं वेळापत्रकाला लागली: रोजची प्रत लेक, आठवड्याची बाप, महिन्याची आजोबा.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या पद्धतीत बापाची टेप रोज वाचली जायची. तिच्याशिवाय लेक तयारच होत नसे. त्यामुळे टेप खराब झाली असेल तर दुसऱ्याच दिवशी कळायचं. तपासणी वेगळी करावी लागत नव्हती, ती कामातच होती.

मग डिस्क आली आणि हे बदललं. एमआयटीत १९६१ पासून एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचे प्रयोग सुरू झाले. आता फायली डिस्कवर होत्या, जागच्या जागी बदलत होत्या. जुन्यावर नवं लिहिलं की जुनं गेलं, बाप उरतच नाही. शिवाय शंभर माणसांच्या फायली एकत्र, म्हणजे एक डिस्क गेली तर शंभरांचं काम गेलं. मल्टिक्स या व्यवस्थेसाठी डेली आणि न्यूमन यांनी १९६५ मध्ये जो निबंध मांडला, त्यात बॅकअप हा फाइल व्यवस्थेचाच भाग धरला होता. बदललेल्या फायली थोड्या थोड्या वेळाने टेपवर जाणार, आठवड्याला मोठी प्रत निघणार, आणि वापरणाऱ्याने त्यासाठी काहीही करायचं नाही. आजच्या फाइल सर्व्हरचा बॅकअप याच घराण्यातला आहे.

इथून वेळापत्रकाचा खरा पेच सुरू होतो. रोज सगळंच उतरवलं तर रात्र पुरत नाही. रोज फक्त बदललेलं उतरवलं तर परत आणताना पहिली पूर्ण प्रत आणि नंतरच्या सगळ्या टेपा क्रमाने लावाव्या लागतात. मधली एक तुटली की पुढची साखळी लंगडी.

युनिक्सच्या डम्प या प्रोग्रॅमने यावर पातळ्या काढल्या. शून्य म्हणजे सगळं. त्यापुढे नऊपर्यंत कोणताही आकडा द्या; त्याहून लहान आकड्याचा शेवटचा डम्प झाल्यापासून जे बदललं ते उतरतं. बर्कलीच्या युनिक्समध्ये या प्रोग्रॅमच्या माहितीपानावर रोजचा क्रमही सुचवलेला असे: ३, २, ५, ४, ७, ६, ९, ८, ९, ९. अंक उलटसुलट का? सोमवारी फाइल बदलली, ती ३ च्या टेपवर गेली. मंगळवारी २ चा डम्प. दोन हा तीनपेक्षा लहान, म्हणून तो थेट शून्यापासूनचे बदल घेतो, आणि सोमवारची फाइल पुन्हा एकदा उतरते. म्हणजे जवळजवळ निम्मे बदल दोन टेपांवर जातात, आणि परत आणताना मात्र मोजक्याच टेपा लागतात. सहाव्या दिवसानंतर बघा: ०, २, ४, ६, बस.

या क्रमाला हनोईच्या मनोऱ्याचं नाव आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८८३ मध्ये ते कोडं बाजारात आणलं. त्याच्याबरोबर जी गोष्ट सांगितली जाते ती आपल्याकडची, काशीच्या देवळातली. तिथे पुजारी सोन्याच्या ६४ चकत्या एका सुईवरून दुसरीवर हलवतायत आणि ते काम संपलं की जग संपणार! आपला प्रश्न जरा वेगळा आहे. जग संपलं, तर चकत्या परत लावता येतील का?

कारण डिस्कच्या काळात वेळापत्रक हुशार झालं आणि रोजचं वाचन मात्र सुटलं. लिहायचं रोज, वाचायचं संकट आलं तरच. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'च्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढला तर तो बराच काळ नीट होतच नव्हता. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तांत्रिक पर्यवेक्षिकेमुळे. घरी तान्हं मूल होतं म्हणून त्या घरून काम करत, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ही प्रत कुठल्याही वेळापत्रकात नव्हती.

दुसरं उदाहरण गिटलॅब कंपनीचं, ३१ जानेवारी २०१७. थकलेल्या अभियंत्याने चुकून चालू सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० गीगाबाइट. रोजचा बॅकअप बघितला तर ठेवायच्या जागी काहीच नाही! बॅकअपचा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज अयशस्वी होत होता. तशी सूचना देणारे ईमेलही जात होते, पण पलीकडचा सर्व्हर ते नाकारत होता. वाचवलं ते सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला शिकता येतं.

कोणी म्हणेल, आमच्याकडे रेड आहे, दोन डिस्क एकसारख्या चालतात. रेड एक डिस्क मेली तर वाचवतं. फाइल पुसली तर दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने पुसतं. म्हणून पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने २००५ च्या पुस्तकात ३-२-१ चा नियम मांडला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. दुसऱ्या जागीच का? दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह ही व्यवस्था तिथे होती, सुमारे ८५८ टेराबाइट. एवढा मोठा साठा बाहेर उतरवणं अवघड म्हणून त्याची बाहेर प्रतच नव्हती. सेंट लुईसनंतर ५२ वर्षांनी तीच गोष्ट.

तर आपल्या ऑफिसचं वेळापत्रक ठरवताना आधी तंत्राकडे जाऊ नका. दोन प्रश्न विचारा. किती काम पुन्हा करायची आपली तयारी आहे, एक तासाचं की एक दिवसाचं? त्यावरून बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते ठरतं. आणि सर्व्हर किती वेळ बंद राहिला तर चालेल? त्यावरून पूर्ण प्रत कितीदा घ्यायची आणि साखळी किती लांबू द्यायची ते ठरतं. यात पिढ्या धरा, कारण फाइल बिघडल्याचं कधीकधी महिन्याने कळतं, आणि तोवर सगळ्या लेकांमध्ये तीच बिघडलेली फाइल असते. तेव्हा आजोबाच कामाला येतो. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

आणि राहून गेलेली ओळ लिहा: महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या माणसाने बॅकअपमधून काही फायली वेगळ्या संगणकावर परत आणायच्या, उघडून बघायच्या, किती वेळ लागला ते वहीत नोंदवायचं. टेपवाल्यांना हे आपोआप मिळत होतं. आपल्याला ते कॅलेंडरवर लिहावं लागतं, एवढाच फरक. वाचून पाहिलेली नाही ती प्रत आहे असं धरू नका.

इथे थांबतो.