एक डबा आणि तेहतीस हंगाम

आज अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या एका कोचबद्दल बोलतो. हे फुटबॉल म्हणजे गोव्यात किंवा कोल्हापुरात खेळतात ते नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. आक्रमण करणारे अकरा वेगळे, अडवणारे अकरा वेगळे, त्यांचे कोचही वेगळे. अडवणाऱ्यांची सगळी आखणी ज्याच्या हातात असते तो डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. त्याच्या वर हेड कोच.

या धंद्यातली चढण ठरलेली आहे. खेळणं संपलं की तुटपुंज्या पैशांवर उमेदवारी, मग एखाद्या फळीचा कोच, मग कोऑर्डिनेटर, मग हेड कोच. बहुतेक पायऱ्यांवर गाव बदलतं. ज्यांच्या घरात बदलीची नोकरी होती त्यांना मुलांच्या शाळा बदलणं म्हणजे काय ते सांगायला नको. बड फॉस्टर यांनी मात्र एकदाच गाव बदललं.

इलिनॉय राज्यातल्या नोकोमिस या छोट्या गावचा हा मुलगा. केंटकीतल्या मरे स्टेट विद्यापीठात तो बचावात खेळला, तेव्हा तिथं फ्रँक बीमर नावाचे डिफेन्सचे कोच होते. १९८१ साली बीमर तिथलेच हेड कोच झाले आणि फॉस्टर त्यांच्या हाताखाली उमेदवारीला लागले. १९८७ मध्ये बीमर स्वतःच्या जुन्या कॉलेजात, ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेकमध्ये, हेड कोच म्हणून गेले. फॉस्टर बरोबर गेले ते २०१९पर्यंत तिथंच होते.

सुरुवात वाईट होती. १९९२ साली संघ फक्त दोन सामने जिंकला. बीमर यांची नोकरी वाचली, पण हाताखालचे काही कोच बदलले गेले. फॉस्टर टिकले. १९९५ मध्ये ते आणि रॉड शार्पलेस जोडीनं कोऑर्डिनेटर झाले, आणि पुढच्या वर्षापासून फॉस्टर एकटे.

त्याच १९९५ साली डबा आला. शार्पलेस यांच्या सासूबाईंनी मिळवून दिलेला, शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कोळसा खाणकामगाराचा जुना, चेपलेला जेवणाचा डबा. हा डोंगराळ, कष्टकऱ्यांचा मुलूख. तिथल्या पोरांना डबा घेऊन कामावर जाणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नव्हतं. बचावाची उद्दिष्टं कागदावर लिहून डब्यात ठेवायची, आणि चांगलं काम करणाऱ्या खेळाडूनं तो सांभाळायचा. असल्या प्रतीकांचा मला एरवी कंटाळा येतो, कारण दोन हंगामांत ती पोस्टरवर जाऊन बसतात. हा डबा मैदानाच्या कडेला पंचवीस हंगाम राहिला.

खेळात नवीन काय होतं? चेंडूजवळ आठ गडी उभे करून धावत जाणाऱ्याची वाट बंद करायची आणि मागची मोकळी जागा मोजक्या चपळ खेळाडूंवर सोपवायची. जोखमीचं काम होतं. पण जमलं. १९९९च्या हंगामात संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला. तिथं फ्लोरिडा स्टेटनं ४६–२९ असं हरवलं. २००६ साली देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार फॉस्टर यांना मिळाला.

मग १६ एप्रिल २००७. विद्यापीठात गोळीबार झाला, ३२ जणांना जीव गमवावा लागला. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती, मूळचे तामिळनाडूचे एक प्राध्यापक होते. पुढच्या हंगामात त्या डब्यात ३२ नावं होती. यावर मी जास्त बोलत नाही.

बचावाच्या कोचचं दुखणं मला २०१४च्या दोन सामन्यांत दिसतं. सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध फॉस्टर यांनी मधली फळी घट्ट बांधली आणि नवख्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला भाग पाडलं. त्याला सात वेळा चेंडूसकट मागेच लोळवलं. सामना ३५–२१ जिंकला. ओहायो स्टेट त्या वर्षी राष्ट्रविजेता झाला, आणि त्यांचा हंगामातला एकमेव पराभव हाच. नोव्हेंबरमध्ये वेक फॉरेस्टविरुद्ध ठरलेल्या साठ मिनिटांत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण दिला नाही. पण आपल्याही आक्रमणाला भोपळाच. जादा वेळेत ३–६ने हार. कबड्डीत सगळ्या पकडी झाल्या आणि आपल्या चढाईपटूला एकही गुण आणता आला नाही, तर जसं वाटेल तसं.

२०१५च्या अखेरीस बीमर निवृत्त झाले. हेड कोचचं पद ३९ वर्षांच्या जस्टिन फ्युएंटे यांना मिळालं. ५६ वर्षांचे फॉस्टर त्यांच्या हाताखाली कोऑर्डिनेटर म्हणून राहिले. याला मी त्याग म्हणणार नाही, पगार चांगला होता. पण तीस वर्षं उभारलेल्या घरात पाहुण्याला यजमान होताना बघायचं, हे सोपं नसणार.

२०१९च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हा शेवटचा हंगाम म्हणून जाहीर केलं. घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात पिट्सबर्गला एकही गुण मिळू दिला नाही, २८–०. सहाच दिवसांनी व्हर्जिनियाविरुद्धची सलग पंधरा विजयांची मालिका तुटली. आणि ३१ डिसेंबरला, शेवटच्या सामन्यात, शेवटचे पंधरा सेकंद उरलेले असताना प्रतिस्पर्ध्याचा चेंडू बचावाच्या डोक्यावरून गेला आणि आघाडीही गेली. समोरचा संघ केंटकी विद्यापीठाचा होता, फॉस्टर यांनी उमेदवारी केली त्याच राज्यातला.