टू-स्ट्रोक हरली, की माप बदललं?

आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एक जुनं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, काळीकुट्ट जमीन, भिंतीला टांगलेल्या चेनी. तिथल्या उस्तादांनी राजदूत, येझदी, आरएक्स १०० या गाड्यांवर तीस-पस्तीस वर्षं हात काळे केले. परवा माझ्या वर्गातली नववीची दोन पोरं तिथे भांडत होती. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या, त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर पाहून वाद पेटला होता. एकाचं म्हणणं, मातीतली खरी गाडी फोर-स्ट्रोक. दुसऱ्याचं म्हणणं, टू-स्ट्रोकपुढे ती म्हैस आहे. दुसऱ्याचा मुद्दा पाडायला पहिला म्हणाला, "मग ती हरली कशी?"

उस्तादांनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सर, टू-स्ट्रोक हारी नहीं. नापने का डब्बा बदल दिया."

मी भाषा शिकवतो, इंजिन नाही. पण हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून थोडं वाचलं आणि कळलं की उस्तादांच्या एका वाक्यात मोटोक्रॉसचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे. फक्त तो अर्धा आहे.

आधी दोन इंजिनांतला फरक पाहू. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन चार वेळा वर-खाली होतो. पेट्रोल-हवा आत घेणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे. म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट. टू-स्ट्रोक हेच सगळं एका फेरीत उरकते. तिला व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. त्यामुळे ती हलकी, स्वस्त आणि गल्लीतल्या कारागिराच्या आवाक्यातली. पण जुना धूर बाहेर जाताना थोडं न जळलेलं पेट्रोलही त्याच्यासोबत निघून जातं. शिवाय ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, तेही जळतं. तो निळा धूर ज्यांनी नव्वदच्या दशकात रिक्षामागे उभं राहून खाल्लाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

मातीतल्या शर्यती सुरू झाल्या इंग्लंडमध्ये. १९२४ साली सरे परगण्यातल्या कॅम्बरली इथे पहिली 'स्क्रॅम्बल' झाली. पुढे युरोपात या खेळाला मोटोक्रॉस नाव पडलं. १९५७ साली ५०० सीसीची जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि स्वीडनचा बिल निल्सन एजेएसवर जिंकला. गाडी अर्थातच फोर-स्ट्रोक. त्या काळी टू-स्ट्रोक म्हणजे गरिबाची गाडी, कामावर जायची. तिला शर्यतीत कोण विचारणार?

तिला इज्जत मिळवून दिली पूर्व जर्मनीतल्या एका माणसाने. वॉल्टर काडेन त्याचं नाव. चोपाउ गावातल्या एमझेड कारखान्याच्या शर्यत विभागाचा तो प्रमुख. पैसा नाही, चांगला धातू मिळत नाही, अशा हालात त्याने लक्ष घातलं ते सायलेन्सरमध्ये. धूर बाहेर पडताना दाबाची लाट निघते, हे त्याने हेरलं. नळी आधी हळूहळू रुंद केली तर ती लाट सिलिंडरातला धूर ओढून घेते. नळी पुढे पुन्हा निमुळती केली तर लाट उलटी फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल परत आत ढकलते. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं पोट फुगलेलं दिसतं, ते याचसाठी. १९६१ पर्यंत काडेनने १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली होती. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडे जिचं नाव आजही आदराने घेतात त्या आरएक्स १०० ची ताकद होती ११.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीला गेला आणि तिथूनच पश्चिमेला पळाला. बायको आणि दोन मुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार काढलं होतं. डेग्नर गेला सुझुकीकडे, जपानला. जाताना कारखान्याचे आराखडे आणि काही सुटे भाग नेल्याचा आरोप त्याच्यावर झाला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याने सुझुकीला ५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकून दिली. जपानमधल्या सुझुका ट्रॅकवरच्या एका वळणाला आजही त्याचं नाव आहे. काडेन मात्र चोपाउमध्येच राहिला.

ही डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींची गोष्ट. पण मातीतही त्याच सुमारास वारं फिरत होतं. १९६२ साली २५० सीसीची जागतिक मोटोक्रॉस स्पर्धा सुरू झाली आणि टॉर्स्टन हॉलमन हुस्कवार्ना टू-स्ट्रोकवर जिंकला. मोठ्या ५०० सीसी गटात मात्र बीएसए या इंग्रज कंपनीचा जेफ स्मिथ १९६४ आणि १९६५ मध्ये फोर-स्ट्रोकवर जिंकत होता. १९६६ साली बीएसएने वजन घटवायला टायटॅनियमची चौकट बनवली. महाग धातू, आणि तो तुटला तर मैदानावर साधं वेल्डिंगही करता येईना. त्या वर्षी जिंकला पूर्व जर्मनीचा पॉल फ्रीडरिख्स, चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाडीवर. इंजिन टू-स्ट्रोक, आणि तेही फक्त ३६० सीसीचं. तो पुढची दोन वर्षंही जिंकला. १९७० मध्ये सुझुकीने २५० सीसीची स्पर्धा जिंकली. फोर-स्ट्रोकचे कट्टर पुरस्कर्ते सोइचिरो होंडा यांच्या कंपनीलाही १९७३ मध्ये 'एल्सिनोर' ही टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी बाजारात आणावी लागली. पुढची पंचवीसेक वर्षं माती टू-स्ट्रोकची होती.

आता उस्तादांच्या डब्याकडे येतो. शर्यतीत गट पाडतात ते सीसीवर. सीसी म्हणजे पिस्टन जितकी जागा व्यापतो ती. पण फोर-स्ट्रोकचा स्फोट दोन फेऱ्यांत एकदा आणि टू-स्ट्रोकचा दर फेरीला. म्हणजे दोघांच्या हातात सारखाच डबा दिला, पण एकाला तो दुप्पट वेळा भरायची मुभा. दोन्हींना एकाच मापाने मोजणं वरवर न्यायाचं दिसतं, पण त्या मापात टू-स्ट्रोकचा फायदा आधीच दडलेला होता.

नव्वदच्या दशकात फासा उलटला. कॅलिफोर्नियात मैदानी गाड्यांच्या धुरावरही नियम येऊ लागले आणि रस्त्यावरची टू-स्ट्रोक तर जगभर मावळतीला लागली होती. कंपन्यांना उद्या जे विकायचं तेच आज शर्यतीत जिंकायला हवं होतं. अमेरिकेच्या नियमांत २५० सीसी टू-स्ट्रोकसमोर मोठी फोर-स्ट्रोक उतरवायला मुभा होती. यामाहाने ४०० सीसीची गाडी बनवली आणि १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीने ती जिंकून दाखवली. १९९८ मध्ये तीच जातकुळी वायझेड ४०० एफ नावाने दुकानात आली आणि हेन्रीने अमेरिकेची राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धाही जिंकली. पुढे माप पक्कं झालं. २५० टू-स्ट्रोकसमोर ४५० फोर-स्ट्रोक, १२५ समोर २५०. काही वर्षांतच मोठ्या स्पर्धांतून टू-स्ट्रोक जवळजवळ दिसेनाशी झाली. होंडाने २००७ च्या मॉडेलनंतर टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बनवणं बंद केलं.

म्हणून टू-स्ट्रोकवाले म्हणतात, आमच्यावर अन्याय झाला. फोर-स्ट्रोकवाले म्हणतात, जुना अन्याय दूर झाला. गंमत अशी की दोघांकडेही मुद्दा आहे. फोर-स्ट्रोकची ताकद सलग येते, चाक माती धरून राहतं, उतारावर इंजिनच गाडी आवरतं. पण ती जड, आणि इंजिन उघडायची वेळ आली तर खर्च मोठा. टू-स्ट्रोकची ताकद एकदम उसळून येते, नवख्याला पाडते. पण ती उचलायला हलकी आणि तिचा पिस्टन बदलणं त्या मानाने स्वस्तातलं काम. म्हणूनच ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गसारख्या कडेकपारीच्या शर्यतीत आजही बहुतेक स्वार तीच निवडतात. केटीएमने तर २०१७ मध्ये तिला फ्युएल इंजेक्शन बसवलं, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कमी वाया जावं.

हे सगळं मी उस्तादांना सांगितलं. ते खूश झाले. "देखो, मैं क्या बोला था?" म्हणत त्यांनी पोरांकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ खोकत राहिले. तीस वर्षं त्या शेडमध्ये एक्सलेटर पिळून आवाज ऐकत त्यांनी गाड्या लावल्या. खोकला कशाचा ते डॉक्टर जाणोत, पण तो निळा धूर त्यांनी जवळून घेतला, हे खरं. मला म्हणायचंय ते एवढंच. सीसीच्या मापात धूर नव्हता. जिंकणाऱ्याच्या मापात धूर घेणारा नव्हता. १९६६ च्या मापातही नव्हता आणि १९९७ च्या शर्यतीच्या मापातही नाही. तो मोजला गेला बऱ्याच उशिरा, मैदानाबाहेर, सरकारी नियमांत. तो मोजला गेला हे चांगलंच झालं. पण त्या नियमांनी ज्यांचं काम गेलं, ज्यांना नव्या इंजिनांचं शिक्षण कुणी दिलं नाही, ते पुन्हा मापाबाहेरच राहिले. उस्तादांकडे आज इंजेक्शनची गाडी आली की ते तिला शहराकडे पाठवतात.

टू-स्ट्रोकची बाजू घेणारा तो पोरगा सहामाहीत गणितात नापास आहे. गॅरेजात त्याने मला एका फेरीत एक स्फोट आणि दोन फेऱ्यांत एक स्फोट हा फरक बोटांवर समजावून दिला, ४५० आणि २५० चं गुणोत्तर काढून दाखवलं. तेच गुणोत्तर पेपरात त्याला आलं नव्हतं. पेपर तपासणारा बरोबर होता, उत्तर कोरंच होतं. तरी सोमवारी मी गणिताच्या बाईंशी बोलणार आहे. पोराला जास्तीचे गुण द्या म्हणून नाही. एकदा गॅरेजात येऊन त्याला तिथे प्रश्न विचारा, एवढंच सांगायला.