अंथरूण, पांघरूण आणि थ्री-नॉट-थ्री

थंडी म्हणजे काय ते आपल्याला चांगलंच ठाऊक आहे, असं प्रत्येक कोल्हापूरकराचं ठाम मत असतं. डिसेंबरात पारा जरा खाली आला की आमच्याकडे मफलर बाहेर पडतात, कानटोप्या बाहेर पडतात. पहाटे रंकाळ्यावर फिरायला निघालेला गृहस्थ डोळे सोडून बाकी सगळा झाकलेला असतो. समोरून तसाच झाकलेला दुसरा गृहस्थ आला, की दोघं एकमेकांना आवाजावरून ओळखतात. "यंदा लई पडलीय न्हवं?" "व्हय की! नुसतं म्हाबळेश्वर झालंय!" एवढी हवामानविषयक चर्चा झाली की दोघंही समाधानानं पुढं सरकतात. या थंडीवर आमच्याकडे तोडगे दोनच. आतून तांबडा रस्सा आणि वरून पट्टणकोडोलीचं घोंगडं. हे घोंगडं एकदा घेतलं की तीन पिढ्या पुरतं. पहिल्या पिढीला ते टोचतं, दुसरीला त्याची सवय होते आणि तिसरी ते दिवाणखान्यात भिंतीवर लावते.

पण याच जिल्ह्यातली पोरं सैन्यात भरती होतात आणि सोळा-सोळा हजार फुटांवर जाऊन उभी राहतात. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गावच आहे. तिथं घरोघरी कुणी ना कुणी फौजेत असतं, म्हणून गावाचं नावच तसं पडलं. तेव्हा बर्फातल्या सैनिकाच्या अंगावर काय होतं आणि हातात काय होतं, हा विषय नुसता लष्करी पंडितांचा नाही. आमच्याकडे तो घरगुती आहे. पोरगं थंडीत बाहेर निघालं की आई जे विचारते, तेच इथं विचारायचं आहे.

हातातल्या वस्तूपासून सुरुवात करू. लष्करात, पोलिसात आणि मराठी बोलण्यातही जिला 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतात ती ली-एनफिल्ड रायफल. तिचा आपल्याकडे रुळलेला नमुना १९०७ सालचा. वजन चार किलोच्या आसपास, पोटात दहा काडतुसं. बार काढला की बोल्ट हातानं वर उचलायचा, मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, खाली दाबायचा आणि मग पुढचा बार. तयार गडी मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. ही बंदूक बंगालात इशापूरला घडे आणि तिची काडतुसं आपल्या खडकीला भरली जात. आमच्या पिढीला ती भेटली ती १९६३ नंतर, कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली तेव्हा. तिचा दस्ता खांद्यात असा हाणायचा, की नेमबाजीच्या दिवशी अख्खा वर्ग डावीकडे कललेला दिसे. पण बंदूक इमानी होती. चिखलात बुडवा, धुळीत लोळवा, ती तक्रार म्हणून करत नसे.

ही बंदूक नवी नवरी होती तेव्हा, म्हणजे १९१४ साली, हिंदी सैनिक पहिल्यांदा युरोपच्या थंडीत गेले. बोटी मार्सेलिसच्या बंदराला लागल्या. तिथं त्यांना नव्या नमुन्याच्या रायफली मिळाल्या, पण अंगात होते ते आपल्या मुलखातले सुती खाकी कपडे. फ्लँडर्सच्या खंदकात गुडघाभर गारठलेल्या चिखलात ते तसेच उभे राहिले. गरम कपडे मागाहून आले, थंडीनं बोटं काळीनिळी व्हायला लागल्यावर.

दुसऱ्या महायुद्धात मात्र साहेब शहाणा झाला होता. इटलीच्या मोहिमेत आपल्या सैनिकांना लोकरीचा जाड बॅटलड्रेस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव ज्या मराठा पलटणीचे, तिनं त्याआधीचा हिवाळा इटलीच्या डोंगरातच काढला होता. हातात तीच थ्री-नॉट-थ्री. पण अंगात लोकर होती आणि पाठीमागं रसद होती.

मग १९६२ साल उजाडलं. १९१४ आणि १९६२ यांत अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर. या अवधीत जग अणुबाँबपर्यंत जाऊन पोचलं, माणूस अंतराळात फेरी मारून आला. आपला सैनिक मात्र पुन्हा सुती कपड्यात आणि पुन्हा थ्री-नॉट-थ्री घेऊन उभा! मध्यमवर्गीय घरात थोरल्याचा कोट धाकट्याला आणि धाकट्याचा शेंडेफळाला येतो, त्यात गैर काही नाही. आम्ही सगळे तसेच वाढलो. पण शेंडेफळाला तो कोट घालून हिमालयात पाठवत नाहीत, एवढं भान घरात असतं.

ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठावर ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सात नंबरची ब्रिगेड घाईघाईनं नेऊन बसवली होती. अंगात उन्हाळी सुती गणवेश, माणशी एखादं ब्लँकेट आणि पन्नासेक काडतुसं. गाडीरस्ता कितीतरी मागं संपलेला. रसद विमानातून छत्र्यांनी टाकायची. त्यातली पुष्कळशी दरीत जायची आणि उरलेली शोधायला गारठलेली माणसं धाडायची. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चिनी सैन्य चालून आलं. त्यांच्या अंगात कापूस भरलेले जाड कोट होते आणि पुष्कळांच्या हातात आपोआप भरणाऱ्या रायफली. घोडा ओढला की बार, पुन्हा ओढला की पुन्हा बार. बोल्टाची उचल-ओढ-ढकल-दाब नाही.

ही उचल-ओढ-ढकल-दाब कोल्हापूरच्या मैदानावर सोपी. शून्याखाली पारा गेला की बंदुकीतलं तेल थिजतं. उघड्या बोटांना लोखंड चिकटतं आणि जाड हातमोजा घातला तर बोट घोड्याच्या कडीत मावत नाही. त्यात सुती कापडाचा स्वभाव असा, की चढणीवर आलेला घाम ते पिऊन घेतं आणि माणूस थांबला की तोच घाम त्याच्या अंगावर गार करतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. आमच्या धनगराला हे शाळेत न जाता ठाऊक होतं. त्याचं घोंगडं पावसात भिजलं तरी तो ते टाकत नाही.

१८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला इथं मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली तेरा कुमाऊंची एक कंपनी लढली. उंची सोळा हजार फुटांच्या वर. जवान बरेचसे हरियाणाच्या सपाट मुलखातले आणि बंदुका त्याच. सव्वाशेच्या आसपास माणसांपैकी ११४ तिथंच पडली. १९६३ च्या सुरुवातीला एक मेंढपाळ तिकडं फिरकला, तेव्हा ही माणसं आपापल्या जागी गोठलेली सापडली. पुष्कळांच्या हातातून बंदूक सुटलेली नव्हती. तेव्हा थ्री-नॉट-थ्रीला नावं ठेवताना जरा जपून ठेवावीत. तिनं आणि तिच्या धन्यांनी आपलं काम केलं. काम राहिलं होतं ते दिल्लीतल्या टेबलांवर.

त्या टेबलांवर एक कागद मात्र वेळेवर येऊन पडला होता आणि तो पाठवणारा माणूस होता कोल्हापूरचा. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात त्या वेळी लखनौला पूर्व विभागाचे सेनापती होते. थंडी काय चीज असते हे त्यांना पाहून ठाऊक होतं. १९५३-५४ च्या हिवाळ्यात कोरियात युद्धकैद्यांची राखण करायला जी भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख थोरातच होते आणि तिच्यात मराठा जवानांची पॅराशूट पलटणही होती. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी या पाहुण्यांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायचा नाही असा पण केला होता. म्हणून अमेरिकनांनी त्यांना बंदरातून हेलिकॉप्टरनं उचलून थेट मधल्या पट्ट्यात नेऊन ठेवलं. जावयाला एवढ्या मानानं नेत नाहीत!

याच कोरियात, १९५० च्या हिवाळ्यात, चोसिनच्या तलावापाशी चिनी फौजेनं थंडीचा धडा गिरवला होता. तिचे सैनिक पातळ कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत तिथं उतरवले गेले आणि हजारोंनी गारठले. बारा वर्षांनी हिमालयात येताना ते जाड कोट घालून आले, ते उगीच नव्हे.

थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये लेखी कळवलं, की चीन चालून आला तर काय होईल आणि काय करावं लागेल. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तेच मांडून दाखवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सीमेच्या टोकाला नुसत्या टेहळणीच्या चौक्या ठेवा आणि खरी लढाई मागं, बोमदिलाच्या बाजूला द्या. तिथं आपले ट्रक पोचतात, दारूगोळा पोचतो, कपडे पोचतात आणि शत्रूची रसद मात्र ताणली जाते. आता हे सगळं लष्करी भाषेतून मराठीत आणलं तर काय होतं? अंथरूण पाहून पाय पसरावेत! आपली प्रत्येक आजी हे रोज सांगते. थोरातांनी ते नकाशासह सांगितलं, एवढाच फरक. पण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हे उगीच घाबरवणं वाटलं. कागद फायलीत गेला. फायलीला मात्र कापडी बांधणी असते, दोरी असते, कपाट असतं. तिला कधी थंडी वाजत नाही.

त्या काळात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत कॉफी करायची यंत्रं बनतात, अशी टीका संसदेत होई. आम्ही चहावाले लोक, कॉफीबद्दल मत देत नाही.

थोरात मे १९६१ मध्ये निवृत्त झाले. दीड वर्षात त्यांच्या कागदातलं पुष्कळसं खरं झालं. मग घाईघाईनं राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली गेली आणि तिच्यावर जनरल थिमय्यांबरोबर थोरातांनाही घेतलं. घर गळून गेल्यावर गवंड्याला बोलावतात, तसं. थोरात पुढं कोल्हापुरात राहिले, १९९२ साली वारले. या गावात ज्याला त्याला 'मी म्हणलं नव्हतं का?' म्हणायची फार हौस. ज्याला तो हक्क खरोखर होता, त्या माणसाच्या वाट्याला त्यातलं समाधान मात्र यायचं नव्हतं.

इकडं नोव्हेंबर १९६२ मध्ये घराघरांत सुया निघाल्या. जवानांसाठी स्वेटर! देशभर बायका विणत होत्या. गल्लीतली ओटी म्हणजे लोकरीचा कारखाना झाली. "दोन सुलट, दोन उलट" याशिवाय दुसरा शब्द ऐकू येईना. कुणी जवान पाहिलेला नसल्यानं प्रत्येकीनं आपल्या नवऱ्याचं माप घेतलं. त्यामुळे काही स्वेटर पोटाशी प्रशस्त आणि बाह्यांत आखूड झाले. ज्यांनी लोकर विणली त्यांनीच संरक्षण निधीत बांगड्याही दिल्या. हसू येतं, पण हेही खरं, की 'पोराच्या अंगात काय आहे?' हा प्रश्न तेव्हा या बायकांना जेवढा लख्ख दिसला तेवढा मोठमोठ्या खात्यांना दिसला नव्हता.

त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्र अभिमानानं म्हणाला. यशवंतराव आमच्या राजाराम कॉलेजचे पदवीधर, त्यामुळे सह्याद्रीचा मोठा वाटा कोल्हापूरचा, असं आम्ही धरून चालतो. ते कामाला लागतात न लागतात तोच चीननं २१ नोव्हेंबरला युद्धविराम जाहीर केला. म्हणजे सह्याद्रीला लढायचं नव्हतं, शिवण-टिपण करायचं होतं. ते त्यांनी नेटानं केलं. डोंगरी लढाईसाठी खास डिव्हिजन उभ्या राहिल्या, बर्फातले कपडे-बूट यांचा विचार सुरू झाला आणि इशापूरला ७.६२ मिलिमीटरची आपोआप भरणारी रायफल बनू लागली. थ्री-नॉट-थ्री हळूहळू फौजेतून पोलिसांकडे गेली. थोरल्याचा कोट धाकट्याला, ते चालूच राहिलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्टेशनवर अतिरेक्यांसमोर पोलिसांच्या हातात तीच होती.

आपण धडा शिकलो का? शिकलो, पण परीक्षेच्या आदल्या रात्री. १३ एप्रिल १९८४ रोजी आपलं सैन्य सियाचेनवर उतरलं. तिथले खास कपडे परदेशातून येऊन पोचले १२ एप्रिलला! पाकिस्ताननंही लंडनच्या त्याच दुकानात कपडे शिवायला टाकले आणि त्यामुळे त्यांचा बेत कळला, असंही सांगितलं जातं. शिंपी एकच असला की गावातल्या दोन लग्नांच्या तारखा फुटतात, तशातली ही गोष्ट. १९९९ ला कारगिलच्या थंडीत आपल्या नव्या इन्सास रायफलींची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी उंचावरच्या जवानांचे कपडे, गॉगल आणि बूट कमी पडल्याचा अहवाल संसदेपुढे ठेवला. जूनमध्ये गलवान घडलं आणि त्या हिवाळ्यासाठी अमेरिकेकडून घाईनं गरम कपडे आणावे लागले. एक मात्र कबूल करायला हवं. या वेळी कपडे बर्फाबरोबर पोचले, बर्फानंतर नव्हे. अठ्ठावन्न वर्षांत एवढी प्रगती झाली.

आजही सुट्टी संपवून निघालेला जवान कोल्हापूरच्या स्टेशनवर काळी ट्रंक घेऊन उभा असतो. निरोप द्यायला आलेली आई देशाचं धोरण विचारत नाही, रायफलीचा नमुना विचारत नाही. ती एवढंच विचारते, "पांघरूण घेतलंस न्हवं?" तो हसतो आणि म्हणतो, "सरकार देतंय की, आई." गाडी हलते. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून ती घरी परतते.