भुईआवळा आणि फिलाडेल्फियाचे वुडचक

डोळे पिवळे दिसू लागले की भुईआवळ्याचा रस द्यावा, ही रीत आपल्याकडे घरोघर चालत आली आहे. पण त्याचा गुण खरा की मानलेला, हे पडताळावे कोणावर? काविळीचा जो चिवट प्रकार वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून बसतो, त्या हेपॅटायटिस बीचा विषाणू साध्या उंदराला लागतच नाही. चिंपांझीला लागतो, परंतु तो दुर्मिळ, महागडा, आणि माणसाचा इतका निकटचा आप्त की त्याला पिंजऱ्यात रोगी करून ठेवणे अनेकांच्या मनाला पटेना.

वाट सापडली ती फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. रॉबर्ट स्नायडर यांनी तेथे वुडचक पाळले होते. वुडचक हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा, मांजराएवढा लठ्ठ प्राणी. हिमालयातील मार्मोट त्याचाच भाऊबंद. अमेरिकन शेतकरी त्याला पिकाचा शत्रू समजतो. हे वुडचक यकृताच्या कर्करोगाने मरतात आणि त्यांच्या यकृताला सूजही असते, हे स्नायडर यांच्या ध्यानात आले. त्याच शहरातील कर्करोग संशोधन संस्थेत जेसी समर्स यांनी त्यांचे रक्त तपासले, आणि माणसाच्या विषाणूचा जणू सख्खा भाऊच त्यात आढळला! हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८० मध्ये बदकांतही असाच एक नातलग मिळाला. बदकांच्या यकृतावरूनच समर्स व विल्यम मेसन यांनी १९८२ मध्ये दाखविले की, हा विषाणू डीएनएचा असूनही आधी आरएनए बनवितो व त्यावरून पुन्हा डीएनए घडवितो. आज या रोगावर ज्या गोळ्या देतात, त्यांतील बहुतेक याच पायरीवर घाव घालतात.

आता आपला भुईआवळा. १९८७ मध्ये नोबेल विजेते बारूक ब्लूमबर्ग व त्यांचे सहकारी यांनी त्याचा अर्क वुडचकांना टोचून पाहिला. नुकतीच लागण झालेल्या चारांपैकी तिघांच्या रक्तातून विषाणूच्या खुणा नाहीशा झाल्या. १९८८ मध्ये मद्रासहून रुग्णांविषयीही उत्साहवर्धक वृत्त आले. पुढे अन्यत्र झालेल्या चाचण्यांत मात्र तसे यश दिसले नाही. चार प्राणी म्हणजे फारच थोडे, हे गणित माझ्या वर्गातील मुलेही सांगतील.

मग घरोघरचा अनुभव खोटा काय? तसे नव्हे. आपल्याकडील नेहमीची कावीळ बहुधा दूषित पाण्यातून येणाऱ्या ए किंवा ई विषाणूची असते. बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि श्रेय रसाच्या पेल्याला मिळते.