संगमेश्वरचा पाऊस आणि पुण्यातला सुपरकॉम्प्युटर: हार्ड पार्टिशनिंग आणि क्लस्टर इंटरकनेक्ट म्हणजे काय?

भर पावसाळ्यात शास्त्री आणि सोनवी या दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की संगमेश्वरच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. इशारा चार-सहा तास आधी मिळाला, तर दुकानातला माल वर हलवता येतो. या इशाऱ्यामागचं बरंचसं गणित होतं पुण्यात, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या सुपरकॉम्प्युटरवर. तो म्हणजे एकच अवाढव्य संगणक नव्हे. एकमेकांना जोडलेले असंख्य सर्व्हर मिळून तो बनतो.

सर्व्हरच्या जगात दोन उलट्या गोष्टी चालतात. कुठे एक मोठा सर्व्हर तोडून त्याचे अनेक केले जातात, तर कुठे अनेक जोडून एक केला जातो.

तोडणं: हार्ड पार्टिशनिंग

कोकणातल्या घराची वाटणी आठवा. माजघरात मधे पडदा लावला, पण चूल आणि विजेचा मीटर एकच ठेवला, तर ती वाटणी फक्त समजुतीची. सर्व्हरमध्ये याला सॉफ्ट पार्टिशनिंग म्हणतात. कुणाला किती प्रोसेसर आणि किती मेमरी द्यायची हे एक सॉफ्टवेअर ठरवतं आणि हवं तेव्हा बदलतं.

पक्की भिंत, वेगळी चूल, वेगळा मीटर असेल तर ते हार्ड पार्टिशनिंग. इथे प्रोसेसर आणि मेमरीचे बोर्डच हार्डवेअरच्या पातळीवर वेगळे केलेले असतात. एका भागात बिघाड झाला तरी दुसरा चालू राहतो. १९९७ मध्ये आलेल्या सन कंपनीच्या एंटरप्राइज १०००० या सर्व्हरमध्ये ६४ पर्यंत प्रोसेसर बसत आणि त्याचे असे स्वतंत्र ‘डोमेन’ करता येत.

भिंतीचा संबंध पैशांशीही आहे. ओरॅकलसारख्या डेटाबेसचं लायसन्स बऱ्याचदा प्रोसेसरच्या संख्येवर असतं. सॉफ्ट पार्टिशनिंग केलं म्हणून कमी लायसन्स घेतलेलं ओरॅकलच्या धोरणात चालत नाही. म्हणजे वापरायची एक खोली आणि घरपट्टी भरायची अख्ख्या वाड्याची! अनेक कंपन्यांचं बजेट इथेच कोलमडतं.

जोडणं: क्लस्टर इंटरकनेक्ट

हवामानाच्या गणिताला मात्र भिंत नको असते, रस्ता हवा असतो. सोपं करून सांगायचं, तर संगणक पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतो आणि चौकोन वेगवेगळ्या सर्व्हरना वाटून देतो. समजा, जयगडच्या किनाऱ्यावरचा चौकोन एका सर्व्हरकडे आहे आणि देवरुखचा दुसऱ्याकडे. समुद्रावरून आलेला वारा आणि बाष्प पुढे सरकतं, त्यामुळे पहिल्याने आपला आकडा दिल्याशिवाय दुसऱ्याचं गणित पुढे जात नाही. तोवर तो नुसता बसून राहतो. अशी देवाणघेवाण एका अंदाजात हजारो वेळा होते.

म्हणून सर्व्हरना जोडणारं जाळं, म्हणजेच इंटरकनेक्ट, प्रोसेसरइतकंच महत्त्वाचं. त्यात दोन गोष्टी पाहतात. बँडविड्थ म्हणजे रस्ता किती पदरी आहे आणि लेटन्सी म्हणजे पहिली गाडी पोहोचायला किती वेळ लागतो. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी केला, पण दर दोन किलोमीटरवर नाका बसवला, तर काय उपयोग? (चौपदरीकरण कधी पूर्ण होणार, हा वेगळा लेख होईल.) इन्फिनिबँडसारख्या जाळ्यात छोटा निरोप साधारण एक-दोन मायक्रोसेकंदांत पोहोचतो. ऑफिसातल्या साध्या नेटवर्कवर त्याला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

या बाबतीत पुण्याचा अनुभव जुना आहे. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये इथे सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुढे ‘परम १००००’साठी सी-डॅकने ‘परमनेट’ हे स्वतःचं इंटरकनेक्टही बनवलं. २००७ मध्ये टाटा समूहाच्या सीआरएलचा ‘एका’ हा पुण्यातला सुपरकॉम्प्युटर जगात चौथा आला. त्यात सुमारे १,८०० सर्व्हर इन्फिनिबँडने जोडले होते आणि केबलची लांबी कमी राहावी म्हणून रॅक जवळपास गोलाकार मांडले होते. प्रकाशालाही केबलमधून एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. इथे तेही मोजलं जातं.

अंदाजात फरक काय पडला?

आयआयटीएममध्ये २०१८ पासून ‘प्रत्युष’ होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ आला. मे २०२५ मध्ये त्यावर ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली आणि १२ किलोमीटरचा चौकोन ६ किलोमीटरवर आला. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात, शिवाय गणितातली वेळेची पावलंही लहान करावी लागतात. एकूण काम ढोबळमानाने आठपट होतं. तरीही प्रत्युषवर दहा तासांपर्यंत चालणारं गणित अर्कवर चार तासांत होतं, असं तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितलं.

१२ किलोमीटरच्या एका चौकोनात १४४ चौरस किलोमीटर मुलूख एकाच आकड्यात कोंबला जायचा, आता ३६. सह्याद्रीच्या कड्यावर कोसळणारा पाऊस आणि खाली संगमेश्वरच्या पेठेतला पाऊस वेगळा दाखवायला याची मदत होते. एकट्या पेठेपुरता अंदाज मात्र ६ किलोमीटरच्या चौकोनातूनही मिळत नाही.