पदमनजी, बाबा

(मे 1831–29 ऑगस्ट 1906). मराठी ख्रिस्ती ग्रंथकार, कोशकार व पाळक. आडनाव मुळे. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्म. शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत व मुंबईत फ्री चर्चच्या शाळेत. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत त्यांची ऊठबस होती. 1854 मध्ये बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुण्यात ते फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक झाले. पण त्यांची खरी भिस्त लेखणीवर. लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास पुस्तके त्यांनी लिहिली, त्यांतली बरीचशी नुकत्याच अक्षरओळख झालेल्या माणसासाठी.

धर्म गोष्टीतून सांगण्याची वाट तेव्हा अगदीच नवी नव्हती. जॉन बन्यन या इंग्रज बॅप्टिस्ट उपदेशकाचे गाजलेले रूपक हरि केशवजींनी 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ नावाने मराठीत आणले होते. बन्यनची पात्रे म्हणजे चालते-बोलते गुणावगुण. बाबांनी मात्र माजघरातली माणसे उचलली. ‘यमुनापर्यटन’ (1857) निघाले ते विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी. मिशन शाळेत शिकलेली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि मुक्कामोमुक्कामी विधवांची गाऱ्हाणी ऐकते: केशवपन, उपासतापास, सासरची बोलणी. प्रवासात नवरा दगावतो आणि ऐकलेले सारे तिच्याच वाट्याला येते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. मराठीतली पहिली कादंबरी हा मान बहुतेक अभ्यासक या पुस्तकाला देतात. रचना सैल आहे, म्हणून काही जण कचरतातही. उपदेश आला की गोष्ट अडखळते, हे खरेच. पण बायका आपसात बोलू लागल्या की ग्रंथकारातला पाळक मागे सरतो, आणि पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतल्या अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी. सोडून आलेल्या घरातली देवपूजा आणि व्रतवैकल्ये त्यात इतक्या बारकाईने येतात की एकोणिसाव्या शतकातल्या हिंदू घराची माहिती हवी असणाऱ्यानेही ते चाळावे. मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप (1863) धर्माशी देणेघेणे नसलेल्यांनीही वापरला. नव्या करारावर त्यांनी मराठीत टीकाही लिहिली.

नव्या वाचकाने सुरुवात ‘अरुणोदय’पासून करावी; ‘यमुनापर्यटन’ त्यानंतर.