मूकपटांतील विनोद आणि पेटी-तबल्याची साथ

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात चलच्चित्रे प्रथम दाखविण्यात आली. त्याच वर्षी नॉव्हेल्टी थिएटरातील खेळांना सेमूर डव्ह यांच्या संगीताची जोड मिळाली. पुढे देशी चित्रपटगृहांत पडद्यालगत पेटी व तबला आला. 1956 पर्यंत मुंबईच्याच इलाख्यात असलेल्या हुबळीतील रसिकांना संगीत नाटकांमुळे ही साथ परिचयाची होती.

दादासाहेब फाळके यांनी पौराणिक चित्रपटांबरोबर ‘पिठाचे पंजे’सारखे छोटे विनोदी चित्रही काढले, चॅप्लिनच्या विनोदपटांनीही प्रेक्षकांना वेड लावले. पौराणिक प्रसंगास भजनाची ओळखीची चाल पुरे होई. विनोदास ती पुरत नसे. पात्र घसरून पडावे आणि त्याच क्षणी तबल्यावर थाप पडावी, तरच हशा उसळे. अशा वादनाला लिखित स्वरलिपीचा आधार नसे. वादकाची नजर पडद्यावर व कान प्रेक्षकांकडे लागलेले असत.

30 जानेवारी 1931 रोजी चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ स्वतः रचलेल्या, फितीवरच मुद्रित केलेल्या संगीतासह प्रदर्शित झाला. 14 मार्चला मुंबईत ‘आलम आरा’ बोलू लागला. पडद्यालगतची बैठक हळूहळू मोडली. त्या वादकांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. ग्रंथालये लिहिलेले जपतात. ही कला लिहिलीच गेली नव्हती, म्हणून तिचे हे स्मरण.